रीसॅम्पलिंग (सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ)

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत अँटेनावरची लहर अंकांत उतरते आणि पुढचे बहुतेक काम संगणक करतो. सेकंदाला किती अंक येतात, तो नमुनादर. तो बदलणे म्हणजे रीसॅम्पलिंग. दर उतरवणे सोपे वाटते: दहातला एक नमुना ठेवायचा, नऊ टाकायचे. पण आधी फिल्टर लावला नाही, तर नको असलेली रेडिओ केंद्रे जात नाहीत. दुमडून हव्या केंद्रावर येऊन बसतात. याला एलियासिंग म्हणतात. एकदा असे मिसळलेले सिग्नल नंतर कोणताही फिल्टर वेगळे करत नाही.

आकाशवाणीचे छत्रपती संभाजीनगर केंद्र १०१.७ मेगाहर्ट्‌झवर आहे, नांदेड १०१.१ वर. परभणीत उंच अँटेनावर दोन्ही लागतात आणि नमुनादर २० लाख आहे, असे धरू. संभाजीनगर पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे शून्य वारंवारतेवर, आणून दर दहाने भागला की २ लाख उरतो. दोन केंद्रांतले अंतर ६०० किलोहर्ट्‌झ, नव्या दराच्या बरोबर तिप्पट. नांदेड थेट संभाजीनगरवर येऊन पडते. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला दाबतो. नांदेड जवळचे, म्हणून लावलेले केंद्र संभाजीनगरचे आणि आवाज नांदेडचा!

म्हणून आधी लो-पास फिल्टर, म्हणजे मध्याजवळचे ठेवून दूरचे अडवणारा. मोनो एफएमला मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ९० किलोहर्ट्‌झ लागतात आणि ११० च्या पुढचे सारे दुमडून त्यातच येते. मधल्या २० किलोहर्ट्‌झच्या उतारात ६० डेसिबलने दाबायचे, तर एफआयआर फिल्टरला (ठरावीक नमुन्यांना गुणकांनी गुणून बेरीज करणारा) साधारण २७० टॅप, म्हणजे गुणक, लागतात. उतार निम्मा केला की टॅप दुप्पट. नवशिके इथेच विनाकारण कडक फिल्टर मागतात आणि प्रोसेसर दमवतात. पॉलिफेज रचनेत (फिल्टरचे टॅप छोट्या शाखांत वाटलेले) टाकायचे नमुने मोजलेच जात नाहीत, त्यामुळे काम दहाव्या हिश्श्यावर येते. दर उतरवताना तीच वापरावी.

साउंडकार्डला बहुधा ४८,००० चा दर लागतो. २ लाखांवरून तिथे पूर्णांकाने भागून जाता येत नाही. सहापट वाढवून पंचविसाने उतरवावे लागते. दोन्हींच्या मध्ये एकच फिल्टर पुरतो.

हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा मंजूर झाली आहे. तिथे रेडिओ नाही, पण पेच हाच. अमेरिकेतल्या लायगोची खुली विदा १६,३८४ आणि ४,०९६ अशा दोन दरांनी मिळते. दुसऱ्या दराची सैद्धांतिक मर्यादा त्याच्या निम्मी, २,०४८ हर्ट्‌झ. फिल्टरच्या उतारामुळे भरवसा मात्र सुमारे १,७०० पर्यंतच.