पावाचा राखणदार ‘लॉर्ड’ कसा झाला? जुन्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

‘जुनी इंग्रजी’ म्हटले की अनेकांना शेक्सपिअर आठवतो, परंतु भाषेच्या अभ्यासकांच्या लेखी त्याची भाषा अर्वाचीन इंग्रजीतच मोडते. त्यांची जुनी इंग्रजी म्हणजे पाचव्या शतकात उत्तर समुद्र ओलांडून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या जर्मानिक टोळ्यांच्या बोलींतून घडलेली आणि साधारणपणे इ.स. ११०० पर्यंत चाललेली भाषा होय. आजचा इंग्रज ती शिकल्याशिवाय वाचू शकत नाही. तरीही हाउस, वॉटर, मदर, ईट, स्लीप असे त्याच्या रोजच्या तोंडचे शब्द तिच्यातलेच आहेत. जे शब्द टिकले, त्यांपैकी अनेकांचे अर्थ मात्र पालटले, आणि हा पालट अनेकदा आपोआप झाला नाही, तर बाहेरून आलेल्या शब्दाने जुन्या शब्दाची जागा अडवल्यामुळे झाला.

या शब्दांचे मूळ शास्त्रशुद्ध रीतीने शोधण्याची वाट कलकत्त्यातून गेली, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे मांडले आणि गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेचेही नाते त्याच कुळाशी असावे असे सुचवले. पुढे डेन्मार्कचे रास्मुस रास्क आणि जर्मनीचे याकोब ग्रिम यांनी जर्मानिक भाषांतील ध्वनिबदलाचे नियम दाखवून दिले. मूळ भाषेतला ‘प’ जर्मानिकमध्ये ‘फ’ होतो, म्हणून आपल्याकडे ‘पाद’ तर तिकडे ‘फूट’. ‘द’ चा ‘ट’ होतो, म्हणून ‘दश’ आणि ‘टेन’. ‘विधवा’ला जुन्या इंग्रजीत ‘विदुवे’ म्हणत. यावरून इंग्रजी शब्द संस्कृतातून निघाले असे अनेक जण हौसेने सांगतात, पण ते खरे नाही. हे शब्द एकमेकांची लेकरे नसून भावंडे आहेत.

इ.स. ५९७ मध्ये रोमहून आलेल्या ऑगस्टिनच्या धर्मप्रचारानंतर रोमन लिपीत इंग्रजी लिहिले जाऊ लागले. त्यापूर्वी रून नावाची कोरीव लिपी होती आणि तिच्यातली काही अक्षरे नव्या लेखनातही टिकली. ‘थ’साठीचे ‘थॉर्न’ हे त्यांतलेच. पुढे ते रोमन ‘वाय’सारखे दिसू लागले आणि त्यातूनच दुकानांच्या पाट्यांवरचे ‘यी ओल्ड’ हे रूप आले. त्या काळी वाचणारा तिथे ‘द’च म्हणत असे.

आग्नेय इंग्लंडमधील केंटचा राजा एथेलबर्ट याचे सुमारे इ.स. ६०० मधील कायदे हे इंग्रजीतल्या सर्वांत जुन्या मजकुरांपैकी एक असून, ते बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात टिकून आहेत. त्यात स्वतंत्र शेतकऱ्याच्या आश्रिताला कोणी ठार मारल्यास सहा शिलिंग भरपाई द्यावी असे कलम आहे, आणि त्या आश्रितासाठी योजलेला शब्द आहे ‘ह्लाफएटा’, म्हणजे पाव खाणारा. ‘ह्लाफ’ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. पाव राखणारा तो ‘ह्लाफवेअर्द’ आणि पावाची कणीक मळणारी ती ‘ह्लाफदिये’. झिजत झिजत त्यांचेच ‘लॉर्ड’ आणि ‘लेडी’ झाले. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या तीन शब्दांतली धनी-आश्रितांची व्यवस्था उलगडून सांगावी लागत नाही.

७९३ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर व्हायकिंगांचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंचा, हल्ला झाला, आणि पुढच्या शतकात त्यांच्यातले डेन लोक उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये वसले. त्यांची नॉर्स भाषा इंग्रजीला इतकी जवळची होती की तिचे शब्द थेट घरात शिरले. वाऱ्याचा डोळा या अर्थाचा ‘विंडआउगा’ हा ‘विंडो’ झाला आणि ‘डोळ्याचे भोक’ अशा अर्थाचा जुना देशी शब्द मागे पडला. मरण्यासाठी ‘डाय’ रूढ झाल्यावर त्याच अर्थाच्या ‘स्टेओर्फन’ला उपासमारीपुरती जागा उरली, तोच आजचा ‘स्टार्व्ह’.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने १०६६ मध्ये जिंकलेल्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर दरबार आणि न्यायालय नॉर्मन फ्रेंचांच्या हाती गेले. ‘डेओर’ म्हणजे कोणतेही जनावर. ‘बीस्ट’ आणि पुढे ‘अॅनिमल’ आल्यावर तो आक्रसून हरणापुरता ‘डिअर’ राहिला. ‘मेटे’ म्हणजे कोणतेही अन्न, त्याचा ‘मीट’ होऊन मांसापुरता उरला. गोठ्यातल्या जनावराला सॅक्सन नाव आणि ताटातल्या मांसाला फ्रेंच नाव, ही लोकप्रिय कथा मात्र जरा जास्तच नेटकी आहे. ‘बीफ’, ‘मटन’ हे शब्द कित्येक शतके जिवंत जनावरांसाठीही वापरले जात होते.

हे गोंधळ लोकांना प्रत्यक्ष जाणवत असत. इंग्लंडमध्ये १४७६ साली छपाई सुरू करणारा विल्यम कॅक्स्टन १४९० च्या एका प्रस्तावनेत सांगतो की, थेम्सवर वाऱ्याअभावी अडकलेले काही व्यापारी किनाऱ्यावर उतरले आणि त्यांच्यातल्या एकाने एका बाईकडे ‘एग्ज’ मागितली. आपल्याला फ्रेंच येत नाही, असे ती म्हणाली. फ्रेंच त्यालाही येत नव्हते, त्यामुळे तो चिडला. शेवटी दुसऱ्याने ‘आयरेन’ हवीत असे सांगितले तेव्हा तिला कळले. तिचा शब्द जुना इंग्रजी होता, तर व्यापाऱ्याचा नॉर्समधून आलेला. पुढे टिकला तो व्यापाऱ्याचा.

१८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेत प्रत्येक शब्दाचा इतिहास पुराव्यानिशी देणाऱ्या कोशाची कल्पना पुढे आली. स्वयंसेवकांनी जुन्या पुस्तकांतून उताऱ्यांच्या चिठ्ठ्या काढून पाठवल्या, जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि मरे यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, १९२८ मध्ये, ऑक्सफर्डचा हा कोश पुरा झाला. अर्थ काळाच्या क्रमाने देण्याची त्याची रीत असल्याने ‘डिअर’च्या नोंदीत आधी जनावर येते, मग हरीण. मात्र ११५० पूर्वीच वापरातून गेलेले शब्द त्यात मुद्दामच घेतलेले नाहीत. त्यांच्यासाठी बॉसवर्थ आणि टोलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश उघडावा लागतो, किंवा टोरंटो विद्यापीठात अक्षरवार तयार होत असलेला नवा कोश.