व्हिज्युअल नॉव्हेल : नवख्या वाचकासाठी निवड

व्हिज्युअल नॉव्हेल : संगणक, गेम कन्सोल किंवा मोबाइलवर वाचायची, चित्रे, संगीत आणि बहुधा कलाकारांचे आवाज यांची जोड असलेली दीर्घ कथा. हा प्रकार जपानमध्ये घडला आणि त्यातली महत्त्वाची निर्मिती प्रामुख्याने तिथलीच आहे. विक्री गेम म्हणून होते, पण हाती घेणाऱ्याचा जवळपास सगळा वेळ वाचण्यात जातो. शिफारस चुकली तर नवख्याचे कित्येक तास फुकट जातात आणि पुष्कळदा तो या प्रकाराकडे पुन्हा फिरकत नाही. म्हणून निवडीचा विचार इथे इतिहासाइतकाच महत्त्वाचा धरला आहे.

पडद्याची मांडणी ठरलेली असते. मागे स्थळाचे स्थिर चित्र, त्यापुढे पात्राची कमरेपर्यंतची आकृती, खालच्या भागात मजकुराची चौकट. एक वाक्य उमटते, टोकाशी छोटी खूण लुकलुकते, क्लिक केले की पुढचे वाक्य. पात्र रागावले की आकृतीचा चेहरा बदलतो. प्रसंग मोठा असेल तर खास त्यासाठी काढलेले चित्र पडदाभर येते. मागे गेलेला मजकूर पाहायची सोय असते, मजकूर आपोआप पुढे सरकवता येतो, वाचून झालेला भाग झपाट्याने ओलांडता येतो. बहुतेक ठिकाणी ही उडी न वाचलेल्या वाक्यापाशी आपोआप थांबते. या सोयीवरच सगळी रचना उभी आहे, कारण कथा एकदा वाचून संपत नाही. मध्येच दोन-तीन पर्याय समोर येतात, त्यांतून कथा वेगळ्या वाटेला लागते आणि त्या वाटेला ‘रूट’ म्हणतात. एक रूट संपला की वाचक सुरुवातीला येतो आणि दुसरा धरतो. चांगल्या लेखकांनी या परतण्याचाच उपयोग केला आहे: पहिल्या रूटमध्ये सहज वाटलेले एखादे बोलणे तिसऱ्या रूटनंतर अंगावर येते. कागदावरच्या कादंबरीला हा परिणाम इतक्या सहजपणे साधत नाही, आणि या प्रकाराचे खरे बळ मला तिथेच दिसते.

सर्वच कृतींत पर्याय असतात असेही नाही. ‘हिगुराशी नो नाकु कोरो नी’मध्ये निवडायला काहीच नाही, फक्त वाचायचे आणि तर्क लढवायचा.

या प्रकाराचे मूळ १९८०च्या दशकातल्या साहसी गेममध्ये आहे. युजी होरी यांचा ‘पोर्तोपिया’ हा खुनाच्या तपासाचा गेम १९८३ साली एनिक्स कंपनीने काढला. त्यात कोबे शहरात फिरून साक्षी-पुरावे गोळा करायचे असत. त्या काळच्या जपानी घरगुती संगणकांची, विशेषतः एनईसी कंपनीच्या पीसी-९८ मालिकेची, हालचाल दाखवण्याची ताकद बेताची होती. पण कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी गुंतागुंतीची चिनी अक्षरे, नीट दिसावीत म्हणून पडदा बारीक ठिपक्यांचा होता. स्थिर चित्र आणि भरपूर मजकूर ही जोडी त्या यंत्राला सोसणारी होती. १९९२ साली चुनसॉफ्ट कंपनीने निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर ‘ओतोगिरिसो’ आणला. त्यात मजकूर पडदाभर पसरलेला होता आणि भीती निर्माण करण्याचे काम आवाजांकडे होते. १९९४च्या ‘कामाइताची नो योरु’मध्ये बर्फात अडकलेल्या निवासातली माणसे केवळ निळसर सावल्यांसारखी दाखवली, चेहरे वाचकाने कल्पावेत म्हणून. लीफ या कंपनीने ही पद्धत उचलली, सावल्यांच्या जागी रंगीत पात्रे आणली आणि १९९६ मधल्या ‘शिझुकु’पासूनच्या आपल्या मालिकेला व्हिज्युअल नॉव्हेल म्हटले. पुढे तेच नाव सगळ्या प्रकाराला लागले.

लीफच्या त्या कृती प्रौढांसाठीच्या होत्या, आणि हा भाग टाळून या प्रकाराची ओळख करून देता येत नाही. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्या उघड लैंगिक दृश्यांना परवानगी देत नसत. संगणकावर तशी अडकाठी नव्हती. त्यामुळे छोट्या कंपन्या संगणकाकडे वळल्या. थोडी लैंगिक दृश्ये असली की ठरावीक गिऱ्हाईक मिळे, आणि उरलेल्या मजकुरात लेखकाला हवे ते करायची मोकळीक असे. याच मोकळिकीतून विज्ञानकथा, भयकथा, मृत्यू आणि आजारपणाच्या कथा लिहिल्या गेल्या. की या कंपनीचे ‘कानोन’ (१९९९) आणि ‘एअर’ (२०००) प्रौढांसाठी निघाले; पण वाचकांनी ते डोक्यावर घेतले ते त्यांतल्या कारुण्यामुळे. लवकरच त्यांच्या सर्वांसाठीच्या आवृत्त्या आल्या, आणि २००४ सालचा ‘क्लॅनाड’ तर मुळातच सर्वांसाठी होता.

जपानमध्ये या विक्रीवर बंधने आहेत. १९९१ साली एका शाळकरी मुलाने दुकानातून प्रौढांचा गेम चोरल्याचे प्रकरण गाजले. पुढच्याच वर्षी कंपन्यांनी मिळून सोफुरिन ही नियमन संस्था उभी केली आणि अठरा वर्षांखालील ग्राहकांना विक्री न करण्याची खूण खोक्यावर छापली जाऊ लागली. जपानच्या दंडसंहितेचे कलम १७५ अश्लील साहित्याच्या विक्रीला बंदी करते, म्हणून प्रौढ आवृत्तीतही जननेंद्रियांवर चौकडीचे धूसर आवरण असते.

नवख्याला सांगताना मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की ‘प्रौढ’ हा शिक्का बहुधा आवृत्तीचा असतो, कथेचा दर्जा त्यावरून कळत नाही. टाइप-मून या निर्मात्या गटाचा ‘फेट/स्टे नाइट’ याचे ठळक उदाहरण आहे. किनोको नासु यांचे लेखन आणि ताकाशी ताकेउची यांची चित्रे असलेली ही कृती जानेवारी २००४ मध्ये प्रौढांसाठी निघाली. त्यातली लैंगिक दृश्ये कथेत उपरी वाटतात. २००७ साली प्लेस्टेशन २ साठी ती काढून टाकून जागी नवा मजकूर लिहिला गेला आणि सगळे संवाद आवाजात ध्वनिमुद्रित झाले. २०२४ साली आलेली नवी आवृत्ती, जिचा अधिकृत इंग्रजी अनुवाद स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानात आणि निन्टेंडो स्विच या कन्सोलवर मिळतो, याच सर्वांसाठीच्या मजकुरावर बेतलेली आहे. ती वाचणाऱ्याचे काही महत्त्वाचे निसटत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. लैंगिक दृश्यांच्या या कृतींपैकी पुष्कळ शाळेत घडतात. सर्व पात्रे अठरा वर्षांवरील आहेत असे सुरुवातीला लिहिलेले असते, पण चित्रे आणि प्रसंग वेगळेच सांगतात. असे काही नवख्याला सुचवू नये, आणि भारतात हा केवळ अभिरुचीचा प्रश्नही नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ ब मुलांचे अश्लील वा लैंगिक चित्रण करणारा इलेक्ट्रॉनिक मजकूर पाहणे, उतरवून घेणे आणि साठवणे यांनाही गुन्हा ठरवते. प्रौढ कृती हवी असेल तर पात्रे निःसंशय प्रौढ असलेलीच निवडावी, आणि बळजबरी, हिंसा यांबद्दलच्या सूचना आधी वाचाव्यात. २००७ पासून चालू असलेल्या व्हीएनडीबी या माहितीकोशात प्रत्येक कृतीखाली अशा खुणा दिलेल्या असतात. कथेचे रहस्य फोडणाऱ्या खुणा मुळात झाकलेल्या राहतात, त्या तशाच राहू द्याव्यात.

शिफारस करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: किती तास वाचायची तयारी आहे, आणि काय सोसवत नाही. आवडता ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट वा मालिका) कोणता हे विचारून फारसा उपयोग होत नाही. व्हीएनडीबीने लांबीचे गट पाडले आहेत: दोन तासांच्या आतले, दहापर्यंतचे, तीसपर्यंतचे, पन्नासपर्यंतचे आणि त्यापुढचे. नामवंत कृतींपैकी बऱ्याच शेवटच्या दोन गटांत बसतात. ‘सर्वांत चांगली कोणती’ या प्रश्नाला जुने वाचक हमखास याच गटांतले नाव सांगतात, आणि नवखा पाचव्या तासाला शाळेतल्या डब्याच्या गप्पा वाचत कंटाळून थांबतो. थोडक्यातले आधी द्यावे.

त्यासाठी की कंपनीचे ‘प्लॅनेटेरियन’ (२००४) याहून चांगले मला सुचत नाही. युद्धानंतर ओस पडलेले शहर, सतत पाऊस, आणि लपतछपत आत शिरलेला एक भंगार गोळा करणारा. एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरच्या तारांगणात त्याला एक यंत्रमानव स्वागतिका भेटते. शहर मेले आहे हे तिला उमगलेलेच नाही. ती त्याला ग्राहक समजून अदबीने कार्यक्रमाची वेळ सांगते. ताऱ्यांचा प्रोजेक्टर बिघडलेला आहे आणि ती त्याला ‘मिस जेना’ म्हणते. पर्याय नाहीत, लैंगिक काही नाही, चार-पाच तासांत कथा पुरी होते. प्रोजेक्टर दुरुस्त करण्याचा तो लांब प्रसंग वाचताना ज्याला पुढचे वाक्य हवेहवेसे वाटेल, त्याला हा प्रकार मानवला असे समजावे. याच लांबीतले ‘नार्सिसु’ (२००५) तर मोफत निघाले. रुग्णालयाच्या सातव्या मजल्यावर मरण जवळ आलेल्या रुग्णांना ठेवतात, तिथून दोघे गाडी घेऊन निघतात. चित्रे मुद्दाम मोजकी ठेवली आहेत. अलीकडे घरात कुणी गेले असेल त्याला मात्र हे देऊ नये.

नुसते वाचणे जमणार नाही असे ज्याला वाटते त्याच्यासाठी कॅपकॉमची ‘एस अटर्नी’ मालिका योग्य. शू ताकुमी यांनी २००१ साली गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलवर ती सुरू केली. काटेकोर अर्थाने तिला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणावे का यावर वाद होतात. नवख्याला त्या वादाशी देणेघेणे नाही. पहिल्याच खटल्यात साक्षीदार सांगतो की प्रेत आपण दुपारी एक वाजता पाहिले. वाचकाच्या हाती शवविच्छेदनाचा अहवाल असतो, त्यात मृत्यूची वेळ चार ते पाच. त्या वाक्यावर थांबून तो अहवाल पुढे करायचा आणि वकील हरकत घेत ओरडतो. बारकाईने वाचल्याचे फळ इतक्या लगेच देणारी दुसरी मालिका मला ठाऊक नाही.

दहा तास वाचून झाले आणि गोडी लागली, तर ‘स्टाइन्स;गेट’ (२००९). २८ जुलै २०१० रोजी टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या रेडिओ काइकान इमारतीपासून कथा सुरू होते. भूतकाळात संदेश पाठवू शकणारा मायक्रोवेव्ह काही हौशी तरुणांच्या हाती लागतो. पर्यायांची यादी इथे नाही. नायकाच्या मोबाइलवर मेल येतो, त्यातले काही शब्द निळे आणि अधोरेखित असतात, आणि कोणत्या शब्दावर बोट ठेवले यावर उत्तर ठरते. सुरुवातीचा सुमारे एक तृतीयांश भाग संथ आहे, हे देतानाच सांगावे. पुढे जे कोसळते त्याला तो संथपणा लागतो. भयकथा हवी असेल तर ‘हिगुराशी’. र्‍युकिशी०७ यांनी २००२ ते २००६ या काळात ती आठ भागांत हौशी प्रकाशनाच्या मेळ्यात, कोमिकेटमध्ये, विकली. चित्रे त्यांनी स्वतः काढली, ती ओबडधोबड आहेत, आणि तरी १९८३च्या जूनमधले ते हिनामिझावा गाव मनात घर करते. प्रौढ वयाच्या, जड वाचनाची सवय असलेल्या माणसाला मी ‘द हाउस इन फाता मोर्गाना’ (२०१२) देईन: एक वाडा, १६०३, १७०७ आणि १८६९ सालांत उघडणारी दारे, आणि पोर्तुगीज गाण्यांचे संगीत. त्यात क्रौर्य बरेच आहे, पण दाखवण्यापेक्षा सोसण्यावर भर आहे.

‘फेट’ पहिल्यांदा देऊ नये असे माझे मत आहे. ते पन्नास तासांच्या वरचे आहे आणि त्याचे तीन रूट ठरलेल्या क्रमानेच उघडतात. तरीही भारतातले अनेक तरुण आधी तिथेच पोचतात, कारण त्याच विश्वावरच्या ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ या मोबाइल गेममध्ये कर्ण आणि अर्जुन ही पात्रे आहेत. कुतूहल तिथून आले असेल तर अडवू नये, फक्त रूटचा क्रम बदलता येत नाही आणि पहिल्यावरून निकाल देऊ नये एवढे सांगावे.

मराठी वाचक या कृती बहुतेक इंग्रजीतूनच वाचतो. अधिकृत अनुवाद काढणाऱ्यांत जास्ट यूएसए आणि २००८ पासूनची मंगागेमर ही जुनी नावे आहेत. स्टीमवर पूर्वी सर्वांसाठीची आवृत्तीच विकली जाई आणि वगळलेला भाग पुष्कळदा प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून वेगळा जोडावा लागे. २०१८ मध्ये स्टीमने प्रौढ कृतींना दार उघडले, तरी काही कृती नाकारल्या जातच राहिल्या. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाने स्टीमवरून काही प्रौढ गेम काढले गेले आणि इच.आयओ या छोट्या निर्मात्यांचे गेम विकणाऱ्या संकेतस्थळानेही तशा कृती शोधातून हटवल्या, त्यामुळे आज दिसणारी प्रौढ आवृत्ती उद्या तिथेच असेल याची खात्री नाही. यंत्राची मात्र काळजी नको: ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरही यांतल्या बहुतेक कृती सुरळीत चालतात.

पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांची आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेला (एन५ सर्वांत सोपी पातळी, एन१ सर्वांत अवघड) बसणाऱ्यांची संख्या मोठी आहे, त्यांना या कृती मूळ भाषेतून वाचता येतात. मजकूर वाक्यावाक्याने थांबतो आणि बहुतेक संवाद ऐकूही येतात, त्यामुळे कांजीचा उच्चार अडला तरी कानाला तो मिळतो. एन३ झाल्यावर ‘प्लॅनेटेरियन’ शब्दकोश जवळ ठेवून जमू शकते. नासु यांची भाषा एन१ झालेल्यालाही दमवते.