स्वकरुणा

जवळचा मित्र चुकला की आपण त्याच्याशी जसं समजून घेऊन बोलतो तसंच स्वतः चुकल्यावर स्वतःशी बोलायचं, याला मानसशास्त्रात स्वकरुणा म्हणतात. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मधे ती मोजणारी २६ विधानांची प्रश्नावली मांडली. त्यांच्या मते यात तीन गोष्टी येतात, स्वतःशी मायेनं वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे लक्षात ठेवणं, आणि त्रास होतोय तो दाबायचा नाही की वाढवायचाही नाही.

पुण्यात याची गरज बघायची तर सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका बघाव्यात. प्रिलिम थोडक्यात गेली की पोरं घरचा फोन उचलत नाहीत, सणाला गावी जात नाहीत, मेसची वेळसुद्धा बदलतात कारण कोणीतरी कटऑफ विचारेल. "पेपरला वेळ पुरला नाही" असं वाटलं तर त्यावर काम करता येतं, पण "मीच फालतू आहे" असं वाटायला लागलं की ती लाज, आणि लाज माणसाला तोंड लपवायला लावते.

स्वतःला झापलं नाही तर अभ्यासच होणार नाही, असं बहुतेकांना मनापासून वाटतं आणि मला हाच सगळ्यात मोठा गैरसमज वाटतो. जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगात अवघड टेस्ट फसलेल्या ज्या विद्यार्थ्यांना स्वतःला समजून घ्यायला सांगितलं, त्यांनी पुढच्या टेस्टसाठी उलट जास्त वेळ अभ्यास केला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट सांगतात की बाहेरचं कोणी ओरडलं की मेंदूची जी धोक्याची यंत्रणा जागी होते तीच स्वतःला शिव्या घातल्यावरही होते, मग तशा अवस्थेत पुस्तक समोर असून डोक्यात काय शिरणार? जास्त लाज आणि आत्मटीका असणाऱ्यांसाठीच त्यांनी करुणाकेंद्री थेरपी तयार केली.

स्वकरुणा शिकायची पद्धत साधीच आहे, श्वास संथ करायचा, छातीवर हात ठेवायचा, मित्राला लिहावं तसं स्वतःला पत्र लिहायचं. सुरुवातीला खोटं वाटतं, कधी जुनं सगळं वर येऊन रडूही येतं, याचा अर्थ जमत नाहीये असा नाही, तेवढ्यापुरतं थांबावं आणि नंतर थोडं थोडं करावं. फारच जड झालं तर एकट्यानं रेटू नये, समुपदेशकाकडे जावं किंवा सरकारी टेली मानसच्या १४४१६ या नंबरवर बोलावं, तो फ्री आहे, रात्रीपण चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.