चमक पेशीची की स्फटिकाची?

फोंड्याच्या महाविद्यालयात पदवीच्या मुलांना सूक्ष्मदर्शकातून टिपलेली चित्रे दाखवताना एक गल्लत दरवर्षी होते. काळ्या पार्श्वभूमीवर उजळलेले ठिपके दिसले की सगळा वर्ग एकमुखाने 'फ्लुओरेसन्स' म्हणतो. त्यातले एक चित्र रेडिओल्युमिनेसन्सचे असते आणि त्यात पेशी मुळी चमकलेलीच नसते.

फ्लुओरेसन्समध्ये बाहेरून प्रकाश टाकला की रेणूला जोडलेला रंजक स्वतः उजळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली मांडलेल्या रेडिओल्युमिनेसन्स सूक्ष्मदर्शनात असा दिवा लागत नाही. पेशीतल्या किरणोत्सारी अणूतून सुटलेला पॉझिट्रॉन, म्हणजे धनभारित इलेक्ट्रॉनसारखा कण, खालच्या स्फटिकाच्या पातळ चकतीत, उदाहरणार्थ कॅडमियम टंगस्टेटमध्ये, शिरतो आणि तिथे क्षणभर चमक उमटते. रात्री मानकुराद आंबा कौलांवर पडला की आवाज कौलांचा होतो, फांदीचा नव्हे.

मग ही उठाठेव कशाला? ग्लुकोजचा रेणुभार १८०. त्याला एनबीडी हा रंजक जोडला की तो ३४२ होतो, आणि एवढे ओझे घेऊन फिरणारा रेणू पेशीत ग्लुकोजसारखाच वागेल याची खात्री राहत नाही. किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडून केलेल्या एफडीजी या ग्लुकोजसारख्या रेणूचा भार १८१ आहे. शिवाय पेट (PET) स्कॅनसाठी रुग्णाला टोचतात तेच हे द्रव्य, त्यामुळे स्कॅनमध्ये दिसलेल्या गाठीत कोणती पेशी किती साखर ओढते, हे थेट पाहता येते.

किंमत मोजावी लागते ती रेखीवपणाची. फ्लुओरेसन्समध्ये धूसरपणा मुख्यतः भिंग आणि तरंगलांबी ठरवतात; एक सूक्ष्म चमकता मणी पाहिला की हा धूसरपणा मोजता येतो. पॉझिट्रॉन मात्र कोणत्याही दिशेने सुटतो, जवळजवळ निम्मे तर वर निघून जातात, आणि स्फटिकात शिरलेला प्रत्येक जण ठेचकाळत वेगळी वाट धरतो. त्यात वेग मंदावला की तो दर पावलागणिक जास्त ऊर्जा टाकतो, म्हणून ठिपक्याचा मध्य पेशीपासून बाजूला सरकू शकतो. एकच मणी पाहून हे मोजता येत नाही.

इथे संगणकीय अनुरूपण (सिम्युलेशन) कामी येते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचे नाव माँटे कार्लो, कॅसिनोसाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणावरून पडलेले. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंमुळे पणजीकरांना ते फारसे समजावून सांगावे लागू नये. 'जिआंट-४' सारख्या प्रणालीत लाखो पॉझिट्रॉन एकेक करून सोडले जातात आणि प्रत्येक धडकेचा कौल यादृच्छिक आकड्यांवर, पण भौतिकीने ठरवलेल्या शक्यतांनुसार, लावला जातो. स्फटिक जाड केला तर प्रकाश वाढतो, पण खोलवरची चमक भिंगाच्या नेमाबाहेर जाऊन पसरते. पातळ केला तर ठिपका आटोपशीर होतो, पण मंद. पेशी आणि स्फटिक यांच्यातली फट थोडी वाढली तरी ठिपके विखुरतात. फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांना निम्मे होत असल्याने प्रत्यक्ष प्रयोगशाळेत अशा दहा जाडी तपासणे जिकिरीचे असते. संगणकावर तो एका संध्याकाळचा उद्योग आहे.

मला याहून मोलाचे वाटते ते दुसरेच. अनुरूपणात प्रत्येक पॉझिट्रॉनचे जन्मस्थान नोंदलेले असते. त्यामुळे ठिपक्यावरून पेशी शोधणारी गणिती रीत किती चुकते, हे नमुना उत्तरांची पत्रिका हाती घेऊन पेपर तपासावा तसे तपासता येते. अर्थात ती पत्रिका आपण कल्पिलेल्या पेशींची असते: ठरावीक आकाराच्या, स्फटिकाला नीट चिकटलेल्या. खऱ्या पेशी एकमेकींवर चढून बसतात, आणि तेव्हा कोणता ठिपका कुणाच्या खाती लिहायचा हा प्रश्न नव्याने सोडवावा लागतो.