दत्तकपत्र आणि समर्पणपत्र : जन्मदात्या वडिलांची सही कुठे काय करते?

बोलीभाषेत दोन्ही कागदांना ‘दत्तकाचे पेपर’ म्हणतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. दत्तकपत्र हे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालचं. त्यात आईवडील मूल एका ठरलेल्या घराला देतात. समर्पणपत्र २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं. त्यात मूल बाल कल्याण समितीच्या, म्हणजे मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी समितीच्या, हवाली होतं आणि पुढे ते कुणाच्या घरी जाईल यात जन्मदात्यांचा काहीही शब्द चालत नाही.

आधी दत्तकपत्र. २०१० च्या दुरुस्तीपासून मूल दत्तक देण्याचा हक्क आई आणि वडील दोघांनाही सारखा आहे, मात्र एकाने द्यायचं तर दुसऱ्याची संमती हवी. ही संमती फक्त तीन कारणांनी टळते : त्याने कायमचा संन्यास घेतला, तो हिंदू राहिला नाही, किंवा सक्षम न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवलं. ‘घर सोडून गेला’, ‘पोटगीचा एक रुपया दिला नाही’ ही कारणं या यादीत नाहीत. मूल टाकून दिल्याचा उल्लेख याच कलमात पुढे येतो, पण तो दोन्ही पालकांनी टाकलं असेल आणि पालनकर्ता न्यायालयाच्या परवानगीने मूल देत असेल तेव्हाचा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आईच्या दुसऱ्या लग्नात. घटस्फोट झाला, मुलाचा ताबा आईकडे आला, आता नवा नवरा मूल दत्तक घेणार, मग पहिल्याला कशाला विचारायचं? विचारावंच लागतं. ताबा मिळाला म्हणून दुसऱ्याचं पितृत्व संपत नाही. पहिले वडील हयात नसतील तर गोष्ट वेगळी : अशा आईला एकटीला मूल दत्तक देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्यांचं असेल, तर दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं न्यायालय गृहीत धरतं; खोटं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. नोटरीच्या शिक्क्याला ही ताकद नाही. आणि एकदा वैध दत्तक झालं की ते मोडता येत नाही. सही करून आठवड्याने पश्चात्ताप झाला तरी मागे फिरायची वाट नाही.

समर्पणपत्रात ती वाट आहे, पण ६० दिवसांचीच. दिवस मोजायचे ते समर्पणाच्या तारखेपासून, जन्माच्या नव्हे. त्यानंतर समिती मुलाला दत्तकासाठी मुक्त घोषित करू शकते, आणि तशी घोषणा झाली की मूल परत मागता येत नाही.

इथे वडिलांचं स्थान लग्नावर ठरतं. विवाहित जोडप्याचं मूल असेल तर सही दोघांची. एक वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो. नवऱ्याचा ठावठिकाणा नाही म्हणून बायको एकटीच आली, तर मूल ‘समर्पित’ धरलं जात नाही, ‘टाकलेलं’ धरलं जातं, आणि मग वर्तमानपत्रात मुलाच्या फोटोसह शोधसूचना निघते. कुणाला कळू नये म्हणून गुपचूप आलेल्या बाईला हे कुणी आधी सांगितलेलं नसतं.

मूल विवाहबाह्य असेल तर समर्पण फक्त आई करू शकते. वडिलांना विचारलं जात नाही, कळवलंही जात नाही. म्हणजे ६० दिवसांचं घड्याळ त्यांच्या नकळत चालू असतं. नियमाचा हेतू आईचं खासगीपण जपण्याचा आहे आणि तो योग्यच आहे, पण मूल स्वीकारायला तयार असलेला बाप त्यात बाहेरच राहतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लिव्ह-इनमधल्या जोडप्याचं मूल समर्पणापुरतं विवाहित जोडप्याचंच मानावं असं म्हटलं, ते याच अडचणीतून.

म्हणून हरकत घेणाऱ्या वडिलांनी आधी कागद कोणता झालाय ते शोधावं. संमतीशिवाय दत्तकपत्र झालं असेल तर ते दत्तक मुळातच शून्य आहे, दिवाणी न्यायालयाकडून तसं घोषित करून घेता येतं. समर्पण झालं असेल तर आधी त्या जिल्ह्याची बाल कल्याण समिती गाठायची, नात्याच्या पुराव्यांसह लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घेताना तारखेचा शिक्का बघून घ्यायचा.