उतरवलेल्या वाड्यांच्या चौकटी

निपाणीकडच्या एका गावात पडक्या वाड्याच्या जोत्याला टेकवलेली चौकट पाहिली. वर हिरवा ऑइल पेंट. बिजागरीजवळ त्याचा पापुद्रा सुटला होता, त्याखाली अस्मानी, आणि अगदी तळाला लाकडात मुरलेली तांबडी काव. गणेशपट्टीवरचा गणपती रंगावर रंग बसून इतका बुजलेला, की सोंड बोटानं चाचपूनच कळायची. आठवड्याभरात ती बेळगावच्या एका फ्लॅटमध्ये आरशाची चौकट होऊन गेली.

अशा चौकटी, खांब, जाळीच्या खिडक्या आता घराघरांत शोभेला लागतात. त्या बाजारात आल्या कशा, हे मात्र घेणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

खानापूर-दांडेलीच्या रानातला साग हाताशी होता, म्हणून इकडच्या वाड्यांत लाकूड सढळ. भिंती पांढऱ्या मातीच्या, पण माडीचा भार खांब-तुळयांवर. जोड खिळ्यांचे नव्हते. एका लाकडाचं कुसू, म्हणजे पुढं काढलेलं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं. म्हणून तर शंभर वर्षांनीही चौकट अखंड निघते. लाकडाला आधी तेल किंवा काव. डब्यातला तयार रंग पुढं आला आणि लग्नकार्य, दिवाळीच्या निमित्तानं हात फिरत राहिले. त्या घरातली किती कार्यं झाली, ते या थरांवरून वाचता येतं.

वाडे सुटू लागले ते जमिनी गेल्यावर. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे १९४८ चा कूळकायदा इथंही लागू होता. नंतर कर्नाटकाच्या १९७४ च्या दुरुस्तीनं कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. पण कुळांकडून येणाऱ्या खंडाच्या धान्यावर चालणाऱ्या वाड्यांची डागडुजी थांबली. वाटण्या झाल्या, एकाच सोप्यात तीन भिंती उभ्या राहिल्या, मुलं पुण्या-मुंबईला गेली. मग वाडा उतरवायचा आणि मोडीचं लाकूड वखारीला घालायचं. तिथं नक्षीला मोल नव्हतं. कोरीव खांबही घनफुटावर जायचा आणि रंधा मारून त्याच्या फळ्या व्हायच्या. किती गेले असतील, या विचारानं अजून जीव हळहळतो.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या मातीच्या भिंती विरघळल्या. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाखांची मदत जाहीर केली, नवी घरं सिमेंटची उठली. चिखलातून निघालेलं जुनं लाकूड अंगणात पडून राहिलं किंवा विकलं गेलं.

घेणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत. शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. दुसरी गोष्ट रंगाची. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासकागद (सँडपेपर) मारून रंग खरवडू नका. ती धूळ लहान मुलांना फार घातक. सुटे पापुद्रे ओलं करून अलगद काढा, मऊ फडक्यानं पुसा आणि वर पारदर्शक लेप द्या. हिरव्याखालचा तो अस्मानीही तसाच राहील.