पावशाला ‘पेरते व्हा’ कोण शिकवतं?

मृग लागायच्या आधीच आमच्या परभणीकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरायला लागतो: ‘पावशा बोलला, आता पेरा.’ पावशाला पावसाचं काही देणंघेणं नाही. विणीचा हंगाम आला म्हणून नर ओरडतो, तोही मादीसाठी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे कृषी खात्याचं सांगणं ऐकलेलं बरं. दुबार पेरणीचं बियाणं पावशा देत नाही.

मला कोडं पडतं ते वेगळंच. पावशा कुक्कूच्या कुळातला, अंडी दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात घालणारा; त्याचं पिल्लू सातभाईंच्या घरट्यात वाढतं. दिवसभर कानावर त्यांचाच कलकलाट, तोंडात त्यांनीच आणलेल्या अळ्या. तरी मोठं झाल्यावर ते सातभाईसारखं न बोलता अचूक ‘पेरते व्हा’च म्हणतं.

गाणारे पक्षी गाणं ऐकून शिकतात. पिल्लू मोठ्यांचं गाणं मेंदूत साठवतं, मग स्वतःचा आवाज ऐकत सुधारत जातं. त्यासाठी मेंदूच्या पुढच्या भागात, अग्रमस्तिष्कात, पेशींची खास केंद्रं असतात. कोंबडीला ती नाहीत. पक्ष्यांच्या आवाजाचे अभ्यासक मासाकाझू कोनिशी यांनी १९६३ साली दाखवलं, की लहानपणीच बहिरे केलेले कोंबडेही पुढे व्यवस्थित आरवतात. अशा पक्ष्यांत आवाजाचा आराखडा मेंदूच्या मधल्या आणि तळाच्या भागांतल्या (मध्यमस्तिष्क आणि मस्तिष्कस्तंभ) जोडण्यांत असतो, त्या जोडण्या जनुकांच्या हुकमाने बनतात, आणि श्वासाच्या स्नायूंसह कंठाला ठेका तिथूनच मिळतो. कुक्कूंचं कुळही असंच, न शिकता ओरडणारं.

म्हणजे कुक्कूचा आवाज हा जवळपास जनुकांचाच दाखला. दोन डोंगरांवरचे कुक्कू वेगळं ओरडत असतील, तर ती नुसती बोलीभाषा नसते, जातच वेगळी असू शकते.

सुंदा कुक्कूचं हेच झालं. मलय द्वीपकल्प, सुमात्रा, जावा, बोर्निओ इथल्या डोंगरी जंगलांत राहणारा हा पक्षी फारसा कुणाला दिसत नाही. वटवट्यांसारख्या छोट्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतो. १८४५ साली सालोमन म्युलर यांनी त्याला नाव दिलं खरं, पण राखाडी पाठ आणि पोटावरचे काळे पट्टे हिमालयातल्या कुक्कूसारखेच, म्हणून पुढे बराच काळ त्याला त्याचीच उपजात समजत. ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक उघड झाला. आता तो स्वतंत्र जात मानला जातो.

थंडीत मात्र पंचाईत होते. हिमालयातले कुक्कू स्थलांतर करून त्याच बेटांवर उतरतात आणि तिथे सहसा गप्प असतात. मग आकारावरून अंदाज बांधायचा, किंवा पक्षी हातात आला तर पट्टी लावून पंख मोजायचा. सुंदा कुक्कूचा पंख आखूड भरतो.